किलोमीटरमागे 620 रुपये: एका सायकलफेरीचं प्रकरण

हे लिहायला सरांनी परवानगी दिली, पण दोन अटींवर. नाव घालायचं नाही, आणि 'जिद्द' हा शब्द कुठंही वापरायचा नाही. दुसरी अट मला पहिल्यांदा गंमत वाटली. लिहायला बसल्यावर कळलं की ती नसती तर मी तो शब्द पहिल्याच ओळीत घातला असता आणि सगळं प्रकरण तिथंच बिघडलं असतं.

मी फिजिओथेरपिस्ट. बेळगावात टिळकवाडीत माझं क्लिनिक आहे. सर खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवतात, वय 54. त्याच शाळेतून मी 1996 साली दहावी झाले, आणि पुढं जे घडलं त्यात या नात्याचा वाटा मोठा आहे. ज्या माणसानं एकेकाळी तुमच्या वहीवर लाल पेनानं 'पुन्हा सोडव' असं लिहिलंय, त्याला 'सर, आता उतरा' म्हणणं किती अवघड असतं हे कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं.

डायलिसिसच्या पेशंटांसाठी पैसे जमवायला काढलेली ही फेरी होती ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुट्टीत. नऊ सायकलस्वार, मागं एक बोलेरो, पाच दिवस. पहिल्या दिवशी बेळगाव, खानापूर, नंदगडवरून हल्याळ. दुसऱ्या दिवशी दांडेली, रामनगर, लोंढा करत परत खानापूर. तिसऱ्या दिवशी जांबोटीवरून कणकुंबीला जाऊन बेळगाव. चौथ्या दिवशी संकेश्वरवरून निपाणी, आणि पाचव्या दिवशी चिकोडी, हुक्केरी करत घरी. एकूण 425 किलोमीटर. ब्रेव्हे, म्हणजे ठरल्या वेळेत लांब अंतराची सायकलफेरी, करणारी पोरं 200 किलोमीटर साडेतेरा तासांत मारतात. त्यांना हे हसण्यासारखं वाटेल. पण आमच्यात निम्मे लोक असे होते की ज्यांनी कॉलेज सुटल्यावर सायकलला हात लावला नव्हता.

पैसे कशासाठी, ते सांगते. किडनी निकामी झालेल्या माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा डायलिसिस लागतं, एका वेळेला चारएक तास. सरकारी योजनांमुळं मशीनवर बसायचे पैसे बऱ्याच जणांना पडत नाहीत. अडतं ते मशीनपर्यंत पोचण्यात. जांबोटीच्या आतल्या वाडीवरच्या माणसाला आधी वडापनं (शेअर जीपनं) रस्त्यावर यायचं, मग बेळगावची बस, मग स्टँडवरून रिक्षा, आणि सोबत कोणीतरी हवंच, कारण परतताना पाय लटपटतात. कर्नाटकात जून 2023 पासून बायकांना सरकारी साध्या बसमध्ये तिकीट नाही. त्यामुळं बायको सोबत आली तर तिचं भागतं, पण तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. पेशंट पुरुष असेल तर त्याला तिकीट आहेच. आम्ही वीसेक घरांचा हिशेब मांडला तेव्हा एका खेपेला सरासरी 240 रुपये पडत होते. डायलिसिस फुकट आहे म्हणून सांगणाऱ्यांना हे 240 दिसत नाहीत. आणि खेप चुकली की काय होतं ते डायलिसिसवाल्या घरात सगळ्यांना ठाऊक असतं: पायावर सूज, रात्री आडवं झोपता येत नाही, आणि मग धावपळ.

वर्गणीची पद्धत सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनीच काढली. आमच्या 96 च्या बॅचच्या 62 जणांनी कबूल केलं की सर जितके किलोमीटर चालवतील तितके, किलोमीटरमागे 10 रुपये. त्या बासष्टांत मीपण. म्हणजे सरांच्या प्रत्येक किलोमीटरला 620 रुपये. बाकीच्या आठ जणांसाठी त्यांच्या त्यांच्या ओळखीच्या लोकांनी एकरकमी पैसे दिले होते. नुसते सरच मीटरवर होते. त्या वेळी कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. उलट कल्पना झकास वाटली.

गुडघा आणि लाल टेप

ऑगस्टमध्ये मी सगळ्यांना तपासलं होतं. सरांना बीपीची गोळी चालू होती, बाकी तब्येत ठणठणीत, रक्तातलं क्रिएटिनिन 1.0 (किडनीचं गाळणं कमी पडलं की हे वाढतं). पुस्तक दोन पायांच्या मध्ये धरून आतल्या बाजूनं पायाची लांबी मोजली, ती आली 78 सेंटिमीटर. त्याला 0.883 नं गुणलं की पेडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंतची उंची मिळते, म्हणजे जवळपास 69. हा नियम काही वेदवाक्य नाही, पण सुरुवातीला धरायला बरा. तेवढी सीट वर केली आणि फ्रेमच्या नळीच्या तोंडाशी सीटपोस्टवर, म्हणजे सीटच्या दांड्यावर, लाल इन्सुलेशन टेपचा एक वेढा मारून ठेवला. 'ही टेप दिसत राहिली पाहिजे' असं सांगितलं.

पहिल्या दिवशी खानापूर सोडल्यावर सरांचा उजवा गुडघा पुढून दुखायला लागला. हल्याळला मुक्कामी त्यांनी ते हसण्यावारी नेलं. 'अगं, चोपन्न वर्षांचा गुडघा आहे, कुरकुर करणारच.' दुसऱ्या दिवशी दांडेलीत चहाला थांबलो तेव्हा त्यांची सायकल भिंतीला टेकवलेली होती, आणि माझी नजर सीटपोस्टवर गेली. टेप नव्हती. खाली वाकून बघितलं तर सोलवटलेल्या टेपची नुसती कड नळीच्या तोंडाशी दिसत होती. सरांनी निघायच्या आदल्या रात्री सीट पाच सेंटिमीटर खाली घेतली होती.

कारण अगदी साधं. आपल्याकडं जो कोणी घोडा सायकलवर शिकला, त्याला थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकल्याशिवाय धीर येत नाही. सीट बरोबर उंचीवर असली की थांबताना पुढं उतरावं लागतं. सरांना वाटलं, चौकात पोरांसमोर पडायचो.

सीट खाली असली की पेडल वर येताना गुडघा जास्त दुमडतो आणि वाटी मांडीच्या हाडावर घासत दाबली जाते. पेडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात 25 ते 35 अंशांचा वाक असावा. सरांचा पंचेचाळीसच्या पुढं होता. वर त्यांची दुसरी सवय, जड गियर टाकून ताकदीनं ढकलायचं. मी मागं गाडीतून मोजलं, मिनिटाला जेमतेम 50 फेरे. हलक्या गियरवर 80 फेऱ्यांनी तोच वेग ठेवला असता तर प्रत्येक फेरीला लागणारा जोर बराच कमी झाला असता. 80 भागिले 50 म्हणजे 1.6. सर दर फेरीला दीडपटीहून जास्त जोर त्या वाटीवर घालत होते. मी हे गणित त्यांना दांडेलीच्या हॉटेलातल्या टेबलावर बोटानं लिहून दाखवलं. त्यांनी ते तपासलं, बरोबर आहे म्हणाले, आणि गियर तसाच ठेवला.

सीट एकदम पाच सेंटिमीटर वर घेतली तर दुसरं काहीतरी दुखणार, म्हणून त्या दिवशी दोनच घेतली. रामनगरच्या अलीकडं पावसानं उखडलेला रस्ता लागला. खड्ड्यात नजर ठेवून सर हँडल घट्ट धरून, कोपरं ताठ करून चालवत होते. संध्याकाळपर्यंत उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं. तळहाताच्या त्या बाजूनं जाणारी नस दाबली गेली की असं होतं. लांब सायकल चालवणाऱ्यांत ही तक्रार जुनी आहे, आणि हाताची जागा बदलत राहिलं, गादी असलेले हातमोजे घातले की बहुतेक वेळा निवळते. खानापूरला मुक्कामी सरांना शर्टाचं वरचं बटण लावता येईना. त्यांनी ते तसंच सोडलं आणि वर स्वेटर घातला. मला ते दिसलं. मी काही बोलले नाही.

वजनकाटा

एक गोष्ट मात्र मी नीट केली होती, आणि तीच नीट वाचली नाही. पहिले दोन दिवस सकाळी निघताना आणि संध्याकाळी पोचल्यावर सगळ्यांची वजनं घेत होते. हल्याळला मुक्काम होता त्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान होतं. त्याच्या पोत्यांच्या काट्यावर आम्ही एकेक उभे राहिलो, दुकानदाराला फार मजा आली. एका दिवसात वजन दोन टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं, तर ते शरीरातलं पाणी गेलंय असं समजायचं. दुसऱ्या दिवशी सर सकाळी 71.2 होते, संध्याकाळी खानापूरला 69. तीन टक्के. मी वहीत लिहिलं, 'पाणी वाढवा', आणि त्यांना एक ओआरएसचं पाकीट दिलं. लिटरभर पाण्यात एक, अर्ध्या बाटलीत नाही, असंही बजावलं. बास. कारण विचारलं नाही.

सरांचं पाणी कमी पडायची कारणं पुढं तीन झाली आणि तिन्ही मला नंतर कळली. एक, दर तासाला झाडामागं जायला सरांना लाज वाटत होती, त्यामुळं ते पाणी मोजूनमापून पीत होते. हल्याळच्या बाहेर एका म्हातारीनं ताकाचा तांब्या पुढं केला, 'मज्जिगे कुडीरी' म्हणून आग्रह केला, तर सर दोन घोट घेऊन 'साकु, साकु' म्हणत मोकळे. दुसरं कारण गोळ्यांचं, त्याच्यावर येतेच. तिसरं कारण तिसऱ्या दिवशी सकाळी जांबोटीत माझ्या समोर घडलं आणि तरीही मला दिसलं नाही.

जांबोटीला आम्हाला निरोप द्यायला एक पेशंट आले होते, चाळिशीचे, शेती करणारे. आठवड्यातून दोन वेळा बेळगावला मशीनवर जातात. डाव्या हाताच्या कोपराजवळ मशीन जोडण्यासाठी नस फुगवलेली, त्यावर मफलर. सरांच्या सायकलला दोन बाटल्या लावलेल्या बघून त्यांनी विचारलं, 'दिवसाला किती पाणी पितासा, सर?'

सर माझ्याकडं बघून म्हणाले, 'हिनं चार लिटर सांगितलंय.'

ते हसले. 'मला चार दिवस पुरतंय की ते.'

डायलिसिसवरच्या माणसाला पाणी मोजून मिळतं. जेवढी लघवी होते, तिच्यावर साधारण अर्धा लिटर. आणि लघवी होतच नसेल तर तेवढ्यावरच दिवस काढायचा. त्यात चहा आला, आमटी आली, ताक आलं. काही जण बर्फाचा खडा तोंडात धरून बसतात.

सरांनी त्यानंतर जांबोटी सोडेपर्यंत बाटलीला हात लावला नाही. कणकुंबीपर्यंतच्या चढालाही जेमतेम अर्धी बाटली संपली. 'त्या माणसाच्या समोरून निघालो आणि घटाघटा पाणी प्यायचं, माझ्याच्यानं होईना,' हे त्यांनी मला दोन दिवसांनी सांगितलं. ज्याच्या नावानं आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, त्यालाच बघून सरांनी पाणी तोडलं. यात चूक कुणाची म्हणायची? मी अजून ठरवू शकलेली नाही.

पंक्चर

कणकुंबी हे मलप्रभेचं उगमस्थान. माउलीच्या देवळाजवळ थोडं थांबून परत निघालो, आणि दोनेक किलोमीटरवर सरांचं मागचं चाक बसलं. ट्यूब त्यांच्या सीटखालच्या छोट्या पिशवीत होती. सर सावलीत दगडावर बसले होते, मी पिशवी उघडली. ट्यूब, टायर काढायच्या दोन पट्ट्या, एक रुमाल, आणि रुमालात गुंडाळलेली डायक्लोफिनॅक 50 या दुखण्यावरच्या गोळीची स्ट्रिप. दहातल्या पाच जागा रिकाम्या.

पहिल्या दिवशी दोन, दुसऱ्या दिवशी दोन, आज सकाळी एक. नंदगडच्या औषधाच्या दुकानातून घेतलेली. चिठ्ठी कुणी मागितली नाही, मागतही नाहीत.

मी विचारलं, 'सर, बीपीची गोळी कोणती आहे तुमची?' त्यांनी खिशातून काढली. टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली, आपल्याकडं घरोघरी असते ती.

इथं थोडं सविस्तर सांगते, कारण प्रकरणाचा गाभा हाच आहे. किडनीत रक्त गाळणाऱ्या गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त आणणारी एक बारीक नळी आणि नेणारी एक. शरीरात पाणी कमी पडलं की किडनी आपली गाळणी चालू ठेवायला दोन खटपटी करते, आणणारी नळी रुंद करते आणि नेणारी आवळते. डायक्लोफिनॅकच्या जातीची वेदनाशामकं आणणाऱ्या नळीचं रुंदावणं बंद पाडतात. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं नेणारी नळी सैल करतात. हायड्रोक्लोरोथायझाइड लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतं. तिन्ही एकाच माणसाच्या पोटात, वर ऑक्टोबरचं ऊन, पाच तासांचं पेडल मारणं आणि अर्धी बाटली पाणी. प्रत्येक औषध आपापल्या जागी ठीक आहे, एरवी लाखो लोक घेतात. तिन्ही मिळून तहानलेल्या किडनीचे दोन्ही हात बांधतात.

ऑगस्टमधल्या माझ्या तपासणीच्या फॉर्मवर 'आजार' होता, 'चालू औषधं' होती, 'ॲलर्जी' होती. 'दुखलं तर तुम्ही कोणती गोळी घेता?' हा प्रश्न नव्हता. बीपीची गोळी मी 'बीपीची गोळी' एवढीच लिहून घेतली होती. सरांना खोदून काय विचारायचं, असं वाटलं होतं बहुतेक. हे मी लपवत नाही.

दुपारपासून लघवी किती वेळा झाली, असं विचारल्यावर सर आधी लाजले, मग म्हणाले, 'एकदा. गडद पिवळी.' मी बेळगावच्या एका डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले आणि सांगितलं की गोळी बंद, माणूस गाडीत, संध्याकाळी रक्त.

सर गाडीत बसले नाहीत. पंक्चर काढेपर्यंत अर्धा लिटर पाणी प्यायले, उरलेल्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि सायकलवर बसून बेळगावला आले. मी त्यांच्या मागं बोलेरोत, दात-ओठ खात. सांगायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. माझ्या जागी कुणी परका फिजिओ असता तर ओरडला असता.

वहीतलं गणित

रात्री रिपोर्ट आला. क्रिएटिनिन 1.7. पोटॅशियम वरच्या हद्दीला टेकलेलं. ऑगस्टमधल्या 1.0 शी ताडून बघितलं तर दीडपटीच्या वर, म्हणजे किडनीला अचानक इजा झाल्याची पहिली पायरी. दमछाक झाल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढतं हे खरं, पण डॉक्टरांनी त्यावर भिस्त ठेवली नाही. बीपीची गोळीही दोन दिवस थांबवायला सांगितली (हे त्यांनी ठरवलं, कुणी आपल्या मनानं करू नये), भरपूर पाणी, दोन दिवसांनी पुन्हा रक्त, सायकल बंद.

सरांच्या घरी, बेळगावातल्या शहापूरला बसलो होतो. काकूंना गोळ्यांचं काही माहीत नव्हतं. 'मी रोज फोनवर विचारूलालोय, बरं आहे म्हणूलाल्यात,' एवढं त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला.

सरांनी वही काढली. एकाखाली एक लिहिलं. 425 वजा तीन दिवसांत झालेले 249, उरले 176. गुणिले 620, बरोबर 1,09,120. भागिले 240. साडेचारशेच्या वर खेपा. वही माझ्याकडं फिरवली आणि म्हणाले, 'आता तू सांग, मी कुठल्या पेशंटला सांगू की तुझ्या खेपा माझ्या गुडघ्यात गेल्या?'

आणि मग मला कळलं की गेले तीन दिवस हा माणूस प्रत्येक चढावर हेच करत होता. एक किलोमीटर म्हणजे अडीच खेपा. गुडघा दुखला की अडीच खेपा. तहान लागली, थांबावंसं वाटलं, की अडीच खेपा. आम्ही बासष्ट जणांनी त्यांच्या दुखण्याला भाव लावून दिला होता आणि तो भाव चांगला होता. असल्या हिशेबात शहाणा माणूसही डायक्लो घेतो. एकरकमी पैसे मिळवलेले आमचे बाकीचे आठ जण मात्र दुखलं की बिनदिक्कत गाडीत चढत होते. एकजण तर दुसऱ्या दिवशी दांडेलीपासून लोंढ्यापर्यंत मस्त झोपून आला.

मी सरांना न विचारता बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, 'सरांना डॉक्टरांनी थांबवलंय. पुढच्या 176 किलोमीटरचे पैसे सरांनी न चालवता द्यायला तयार आहात का?' दहा मिनिटांत चाळीसेक होकार आले. दोघांनी लिहिलं की ठरलं होतं ते किलोमीटरमागे, आता बदलणं बरोबर नाही. मला राग आला. पण गंमत अशी की सर त्या दोघांच्या बाजूचे निघाले. 'न सोडवलेल्या गणिताला मार्क मी कधी दिलेत का? मग स्वतःला कसे देऊ?'

त्यावर अर्धा तास वाद झाला. तोडगा निघाला तो काकूंनी चहा आणून ठेवताना. 'सायकल तर चालूदे की. माणूस बदला.' म्हणजे सरांची सायकल, सरांचे किलोमीटर, पाय मात्र विद्यार्थ्यांचे. ज्याला जेवढं जमेल तेवढं. सरांनी विचार केला आणि हे चालेल म्हणाले, फक्त एक अट घातली की जो तुकडा कुणीच चालवणार नाही, त्याचे पैसे धरायचे नाहीत.

उरलेले दोन दिवस

चौथ्या दिवशी काकतीपासून एका जुन्या विद्यार्थ्यानं सायकल घेतली, वंटमुरी घाटाच्या पुढं दुसऱ्यानं, संकेश्वरला तिसरीनं. ती आता तिथं शिक्षिका आहे आणि साडी सांभाळत तवंदी घाटाच्या पायथ्यापर्यंत आली. दर वेळी सीट वर-खाली व्हायची. सर बोलेरोत पुढं बसून, मांडीवर ओआरएसची बाटली धरून, उतरून स्वतः सीट बसवून द्यायचे. 'पाय टेकायला नाही पाहिजेत, टेकले तर गुडघा जाईल,' हे माझं वाक्य ते माझ्यासमोर मला न ओळखल्यासारखं ऐकवत होते. गाळप अजून सुरू झालेलं नव्हतं, म्हणून रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या नव्हत्या, तेवढं एक बरं.

पाचव्या दिवशी चिकोडी सोडल्यावर परतीच्या पावसानं झोडपलं. विजा कडाडायला लागल्या आणि चिकोडी ते हुक्केरी हा 25 किलोमीटरचा तुकडा सगळ्यांनीच गाड्यांतून काढला. हुक्केरीपासून पुन्हा सायकल रस्त्यावर आली आणि संध्याकाळी बेळगावात पोचली. सरांनी वहीत 25 गुणिले 620 केलं, 15,500 वजा केले, आणि 2,48,000 ही बेरीज फेरी काढणाऱ्या आमच्या मंडळाच्या खजिनदाराला सांगितली. त्या साडेपंधरा हजारांवरून आमचं अजून भांडण आहे. माझं म्हणणं, पावसाला नियम लावून चौसष्ट खेपा घालवल्या. त्यांचं म्हणणं, नियम पावसातच कळतो.

पाचव्या दिवशी रात्री क्रिएटिनिन 1.3 आलं, दहा दिवसांनी 1.1. करंगळीचा बधिरपणा जायला तीन आठवडे लागले. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली तेव्हा फळ्यावर खडू धरताना हात थोडा घसरायचा, पोरांना वाटलं सरांचं अक्षर बिघडलं. गुडघ्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम दिले. ते त्यांनी केले की नाही हे मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण शाळेत सायकलनं जातात आणि लाल टेप दिसते. बीपीची गोळी डॉक्टरांनी बदलून दिली.

पुढच्या वर्षीच्या फेरीत किलोमीटरमागे वर्गणी घ्यायची नाही, हे ठरलं. आधी रक्कम सांगायची, मग माणूस कितीही चालवो. यानं पैसे कमी येतील असं दोघा-तिघांना वाटतं आणि कदाचित येतीलही. मीटर लावला की लोक जास्त रस घेतात, रोज विचारतात की आज किती झाले, ते खरं आहे. मला ते पैसे कमी आलेले चालतील.

तपासणीचा फॉर्म मी नव्यानं केला आणि बघायला सरांना पाठवला. त्यात एक ओळ वाढवली होती: 'गेल्या महिन्यात आपण कोणतीही वेदनाशामक औषधे घेतली आहेत काय?' तो लाल पेनानं खुणा करून परत आला. शुद्धलेखन बरोबर होतं. पण 'वेदनाशामक' वर काट मारून सरांनी बाजूला लिहिलं होतं: 'असं विचारलंस तर मी नाहीच म्हणालो असतो. "गुडघा-कंबर दुखली की मेडिकलमधून कोणती गोळी आणता?" असं लिही. आणि स्ट्रिप दाखवायला सांग.'